कर्ता कोण? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळातील कर्मयोग



गेल्या काही महिन्यांत आपल्या अभ्यासमंडळांतून एक विषय वारंवार निघतो आहे. पालक विचारतात, "मुलीला कोणत्या शाखेला घालावे? ती आज जे शिकेल ते उद्या यंत्रच करणार असेल तर?" पंचेचाळिशीतले एखादे गृहस्थ म्हणतात, "आमच्या कार्यालयात नवी प्रणाली आली. काम सोपे होईल असे सगळे सांगतात. माझे काय होईल ते मात्र कोणी सांगत नाही." आणि नुकताच नोकरीला लागलेला तरुण म्हणतो, "दहा मिनिटांत अहवाल तयार मिळतो. मग मी शिकायचे काय?"

हे तीनही प्रश्न खरे आहेत. 'सर्व काही ईश्वराच्या हाती' असे म्हणून ते बाजूला सारणे हे अध्यात्म नव्हे. आपले रोजचे काम हीच आपली साधना असे आपण मानतो. ते कामच बदलत असेल तर साधकाने त्याकडे नीट पाहिले पाहिजे. म्हणून या पाठात आपण प्रथम काय बदलते आहे ते पाहू, नंतर गीतेतील एका विचाराच्या आधारे त्यात आपले स्थान कोणते ते तपासू आणि शेवटी सात दिवसांचा एक छोटा अभ्यास हाती घेऊ.

१. काय बदलते आहे?

यंत्राच्या भीतीची ही पहिली वेळ नाही. आपल्या देशात बँकांमध्ये संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचारी संघटनांनी त्याला मोठा विरोध केला होता. १९८३ मध्ये बँका आणि संघटना यांच्यात करार झाला, १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर संगणकीकरणाची वाट हळूहळू मोकळी झाली. जाडजूड खतावण्या गेल्या. रात्री उशिरापर्यंत बसून ताळा जमवणे थांबले. बँकेतले काम संपले नाही, ते बदलले. मात्र ज्यांनी त्या बदलात स्वतःला बदलले त्यांचे निभावले, आणि ज्यांना कोणी शिकवले नाही ते मागे पडले, हेही तितकेच खरे.

वाणिज्य क्षेत्रात असाच बदल आपण अलीकडे पाहिला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. २०२० पासून पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून खरेदीदाराला मिळणाऱ्या कर-वजावटीचा तक्ता प्रणालीच आपोआप तयार करून देऊ लागली. त्याच वर्षी ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना ई-बीजक सक्तीचे झाले आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती मर्यादा ५ कोटींपर्यंत खाली आली. हिशेबनीसाचे बिले टिपून घेण्याचे काम कमी होत गेले, जुळवणीचे आणि पडताळणीचे काम वाढत गेले.

मग आता नवीन काय? आतापर्यंतची यंत्रे आकडे मोजत होती. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि यंत्र आपल्याशी भाषेत बोलू लागले. पत्र लिहिणे, सारांश काढणे, भाषांतर करणे, ग्राहकाला उत्तर देणे, अहवालाचा मसुदा करणे ही कामे 'डोक्याची' समजली जात. त्यांचा मोठा भाग आता यंत्र करू शकते.

वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमने जानेवारी २०२५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. जगभरातील हजाराहून अधिक मोठ्या नियोक्त्यांना विचारून केलेला तो अंदाज आहे. त्यानुसार २०३० पर्यंत तंत्रज्ञान आणि इतर कारणांमुळे सुमारे ९ कोटी २० लाख नोकऱ्या जातील आणि सुमारे १७ कोटी नव्या निर्माण होतील. आज लागणाऱ्या मुख्य कौशल्यांपैकी ३९ टक्के कौशल्ये तोवर बदललेली किंवा कालबाह्य झालेली असतील.

हे आकडे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि निश्चिंत होण्याचेही नाही. १७ कोटी हा आकडा ९ कोटींपेक्षा मोठा आहे. परंतु ज्याची नोकरी जाते त्यालाच नवी मिळते असे नसते. बेरजेत नफा दिसला तरी एखाद्या घरात चूल विझलेली असू शकते. हे विसरून आपण पुढे जायचे नाही.

२. कर्माची पाच कारणे

आता गीतेकडे वळू. अठराव्या अध्यायात भगवंतांनी कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत. पहिले अधिष्ठान, म्हणजे कर्म जिथे घडते तो आधार. दुसरा कर्ता. तिसरे करण, म्हणजे साधने. ती नाना प्रकारची असतात. चौथ्या चेष्टा, म्हणजे वेगवेगळ्या हालचाली, क्रिया, प्रयत्न. (मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, इथे तो अर्थ नाही.) आणि पाचवे दैव, म्हणजे आपल्या हाती नसलेला भाग.

परंपरेने करण म्हटले की इंद्रिये आणि मन-बुद्धी समोर येतात. आपण तो अर्थ थोडा विस्तारून पाहू. सुताराची करवत, शिंप्याची शिलाई मशीन, हिशेबनीसाचा संगणक ही सगळी बाह्य करणे. कृत्रिम बुद्धिमत्ताही याच ओळीत बसते. ती कितीही गोड बोलली, कितीही सफाईने लिहू लागली, तरी तिचे स्थान तिसरे आहे. दुसरे स्थान कर्त्याचे आहे आणि ते रिकामे ठेवता येत नाही. आपण तिथून उठलो तर यंत्र तिथे येऊन बसत नाही. ती जागा ओस पडते आणि काम मात्र चालूच राहते. धोका इथे आहे.

याचे एक उदाहरण जगभर गाजले. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात एका प्रवाशाचा विमान कंपनीविरुद्ध दावा सुरू होता. २०२३ मध्ये त्याच्या वकिलांनी चॅटजीपीटीच्या मदतीने शोधलेले जुने निवाडे आपल्या अर्जात दिले. त्यांतले सहा निवाडे कधी अस्तित्वातच नव्हते. वकिलाने यंत्रालाच विचारले होते की हे निवाडे खरे आहेत ना, आणि यंत्राने 'हो' म्हटले होते. न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला. दंड यंत्राला झाला नाही. ज्यांच्या सहीने अर्ज दाखल झाला त्यांना झाला.

सही करणारा तो कर्ता. यंत्राला पश्चात्ताप होत नाही, लाज वाटत नाही, दुसऱ्या दिवशी त्या अशिलासमोर जाऊन बसावे लागत नाही. ज्याला परिणाम भोगायचे आहेत आणि ज्याला विवेक दिलेला आहे, तोच उत्तरदायी. म्हणून कामाच्या ठिकाणी कोणतेही साधन वापरताना साधकाने स्वतःला विचारावे, "यावर मी माझ्या नावाने सही करू शकतो का?" उत्तर 'हो' असेल तर साधन जरूर वापरावे. 'बघितले नाही, पण बरोबरच असेल' असे उत्तर येत असेल तर आपण कर्त्याची जागा सोडली आहे.

३. माझी एक चूक

हा विचार मला पुस्तकातून सुचला असे सांगितले तर ते खरे होणार नाही. मी वाणिज्य शाखेत शिकते आणि या संकेतस्थळासाठी हिंदीतील लेख मराठीत आणण्याची सेवा करते. परीक्षा जवळ आली होती. एक लेख पाठवायचा राहिला होता. मी तो पूर्ण लेख अनुवाद करणाऱ्या यंत्राला दिला. आलेला मजकूर वरवर वाचला, दोन-चार शब्द सुधारले आणि पाठवून दिला. वाक्ये सफाईदार होती. शुद्धलेखन तर माझ्यापेक्षा चांगले होते.

पंधरा दिवसांनी इंदूरच्या अभ्यासमंडळातल्या एका काकांचा फोन आला. ते हिंदीही वाचतात, मराठीही. ते शांतपणे म्हणाले, "बाळ, एक शंका आहे. या लेखात राग म्हणजे क्रोध की आसक्ती? आमच्या मंडळात अर्धा तास त्यावर चर्चा झाली."

मी गप्प झाले. हिंदी लेखात 'राग' हा शब्द 'राग-द्वेष' मधला होता. त्याचा अर्थ आसक्ती, ओढ. मराठीत राग म्हणजे संताप. यंत्राने शब्द तसाच ठेवला होता आणि पुढची वाक्ये रागावर ताबा मिळवण्याच्या अंगाने वळली होती. आसक्तीवरचा लेख संतापावरचा झाला होता. त्यात एकही वाक्य अशुद्ध नव्हते. म्हणूनच ती चूक डोळ्यांना दिसली नाही.

पण मला खरी बोच त्या शब्दाची नव्हती. काकांना लगेच उत्तर देता आले नाही, कारण मूळ लेख मी वाचलाच नव्हता. ज्या विचाराची सेवा करते असे मी म्हणत होते, तो विचार माझ्या मनातून गेलाच नव्हता. मी फक्त फाइल इकडून तिकडे केली होती. "काका, चूक माझी आहे, मी पुन्हा करते," एवढेच बोलले. ते म्हणाले, "चूक होते गं. पण तू हा लेख वाचशील तेव्हा तुलाही आवडेल." त्यांना मी न वाचल्याचे कळले होते.

आचार्य विनोबा भावे यांनी गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद १९३०-३१ मध्ये केला. त्यामागची प्रेरणा त्यांच्या आईची होती. तिला संस्कृत गीता समजत नव्हती आणि ती सोप्या मराठीत हवी होती. आई १९१८ मध्येच गेली, पण ग्रंथाच्या नावात 'आई' राहिली: गीताई. अनुवाद कोणासाठी तरी असतो, ती व्यक्ती मनासमोर असावी लागते, हे मला त्या फोननंतर कळले. यंत्रासमोर कोणी नसते. आता माझ्यासमोर इंदूरचे काका असतात.

मी यंत्र सोडले का? नाही. आजही वापरते. फक्त क्रम बदलला. आधी मूळ लेख पूर्ण वाचते, दोन अवघड परिच्छेद स्वतः अनुवादित करते, मग यंत्राचा मसुदा घेते आणि शेवटी दोन्ही समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहते. वेळ पूर्वीपेक्षा कमी लागतो, पण विचार माझ्यातून जातो.

४. काम माणसाला घडवते

आता या पाठाचा गाभा. आपण काम करतो तेव्हा दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे त्या कामाचे फळ: अहवाल, पोळी, शिवलेला सदरा, तपासलेला हिशेब. दुसरी म्हणजे ते काम करणारा माणूस. सदरा शिवता शिवता शिंपी घडतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कर्मातील कौशल्यालाच योग म्हटले आहे, आणि ते कौशल्य करण्यातूनच येते. यंत्र आपल्याला पहिली गोष्ट झटकन देते. दुसरी गोष्ट ते देऊ शकत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पोलंडमधील चार केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथले अनुभवी डॉक्टर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करताना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेऊ लागले होते. ही मदत येण्यापूर्वी, स्वतःच्या नजरेने, ते २८.४ टक्के तपासण्यांमध्ये कर्करोगाकडे झुकू शकणाऱ्या गाठी शोधत असत. मदतीची सवय झाल्यावर जेव्हा यंत्राशिवाय तपासणी केली, तेव्हा हे प्रमाण २२.४ टक्क्यांवर आलेले दिसले. अशा निरीक्षणातून कारण पक्के सिद्ध होत नाही, हे खरे. पण इशारा पुरेसा आहे. हे शिकाऊ डॉक्टर नव्हते, मुरलेले होते. नजरसुद्धा वापरली नाही तर मंदावते.

विमान क्षेत्राने हे आधीच ओळखले होते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१३ मध्ये विमान कंपन्यांना सूचना केली की योग्य वेळी वैमानिकांना स्वयंचलित यंत्रणा बाजूला ठेवून स्वतःच्या हाताने विमान चालवण्यास प्रोत्साहन द्यावे. यंत्रणा चांगली नाही म्हणून नव्हे. ती अडखळेल त्या क्षणी हात तयार असावा म्हणून.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक ग्राहक-सेवा कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. उत्तरे सुचवणारे यंत्र हाताशी आल्यावर त्यांची कामगिरी सरासरी १४ टक्क्यांनी वाढली, आणि नवख्या कर्मचाऱ्यांची सुमारे ३४ टक्क्यांनी. जुन्या, कुशल लोकांचा अनुभव यंत्रामार्फत नवख्यांपर्यंत पोहोचला. म्हणजे यंत्र शिक्षकाचे कामही करू शकते. वापरणारा शिकण्यासाठी वापरतो की सुटण्यासाठी, यावर सगळे अवलंबून आहे.

५. शिकाऊ उमेदवाराचे काय?

सर्वांत मोठा प्रश्न नव्या पिढीचा आहे आणि तो मला माझ्या क्षेत्रात रोज दिसतो. सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्याला आर्टिकलशिप करावी लागते. पूर्वी ती तीन वर्षांची होती. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. या काळात पहिली कामे कोणती मिळतात? व्हाउचर तपासा, बँकेचा ताळा जुळवा, खतावणी चाळा. कंटाळवाणी कामे. पण याच कामांतून नजर तयार होते. तीन वेगवेगळ्या महिन्यांची बिले आहेत, पण बिलबुकातले क्रमांक लागोपाठ आहेत. हे पाहून थबकणारा डोळा हजार व्हाउचर चाळल्यावर येतो. वीस वर्षे काम केलेले सर फाइल हातात घेतल्या घेतल्या म्हणतात, "इथे काहीतरी गडबड आहे." ती जाण त्यांना या कंटाळवाण्या कामांनीच दिली.

आता ही पहिली पायरीची कामे यंत्राकडे जात आहेत. कार्यालयाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. वेळ वाचतो, चुका कमी होतात. पण पहिली पायरी काढून टाकली तर वरच्या पायरीवर कोण आणि कसे पोहोचणार? यंत्राचे उत्तर तपासायला जाणकार हवा आणि जाणकार तर काम करूनच होतो. हा पेच एकट्या विद्यार्थ्याने सोडवण्यासारखा नाही.

म्हणून इथे दोन कर्तव्ये आहेत. विद्यार्थ्याचे कर्तव्य असे की यंत्राने दिलेले उत्तर घेण्यापूर्वी स्वतःचे उत्तर काढावे, निदान काढून पाहावे. दहा व्हाउचर तरी हाताने तपासावेत आणि मग यंत्राने काय पकडले ते ताडावे. जे आपल्याला दिसले नाही आणि यंत्राला दिसले, ते शिकून घ्यावे. जे आपल्याला दिसले आणि यंत्राला नाही, ते वरिष्ठांना सांगावे.

दुसरे कर्तव्य वरिष्ठांचे. आपल्या परिवारात कितीतरी जण कार्यालये, दुकाने, वर्कशॉप चालवतात. त्यांना नम्र विनंती आहे. यंत्रामुळे वाचलेल्या वेळातला थोडा वेळ नवख्या मुलांना शेजारी बसवून शिकवण्यासाठी ठेवा. 'हे असे का केले' हे त्यांना बोलून दाखवा. गुरु-शिष्य परंपरेचा आपण आदर करतो. तिचा रोजच्या व्यवहारातला अर्थ हाच आहे.

६. कोणती कौशल्ये जोपासावीत?

वर उल्लेख केलेल्या अहवालात नियोक्त्यांनी महत्त्वाच्या मानलेल्या कौशल्यांत विश्लेषक विचार सर्वांत वर आहे. त्यासोबत लवचिकता, सर्जनशील विचार, आत्मजाणीव, सहानुभूती आणि लक्षपूर्वक ऐकणे, आयुष्यभर शिकत राहण्याची वृत्ती यांचाही समावेश आहे. ही यादी वाचताना साधकाला ओळखीची वाटेल. श्रवण, मनन, आत्मपरीक्षण, समत्व यांचाच तर आपण अभ्यास करतो. मात्र साधना नोकरी टिकवण्यासाठी करायची नसते. ती नीट झाली तर कामातही उतरते, एवढेच.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका व्यापाऱ्याकडे यंत्राने कर-वजावटीची जुळवणी केली आणि दाखवले की अमुक छोट्या पुरवठादाराने विवरणपत्र भरलेले नाही. त्याने ते भरेपर्यंत व्यापाऱ्याला त्या बिलावरची वजावट मिळणार नाही. यंत्र सुचवते: पैसे थांबवा. सूचना चुकीची नाही. पण कार्यालयातला साहाय्यक फोन उचलतो आणि विचारतो, "भाऊ, काय झाले? दरवेळी वेळेवर भरता." कळते की घरात आजारपण आहे आणि विवरणपत्र भरणारा मुलगा दवाखान्यात बसून आहे. साहाय्यक मालकांशी बोलतो. कराची रक्कम थांबवून मालाचे पैसे देऊन टाकायचे ठरते. पुढच्या आठवड्यात विवरणपत्र भरले जाते.

यात यंत्राने आपले काम चोख केले, तफावत शोधली. तफावतीमागचा माणूस शोधण्याचे काम साहाय्यकाने केले. नियम पाळला गेला आणि संबंधही टिकला. विचारणे, ऐकणे, दोन योग्य गोष्टींमध्ये मार्ग काढणे आणि त्याची जबाबदारी घेणे, हे कर्त्याचे कौशल्य आहे.

यासोबत एक पथ्य. दुसऱ्याने विश्वासाने दिलेली माहिती, मग तो ग्राहकाचा हिशेब असो, रुग्णाचा अहवाल असो वा सत्संगात कोणी मोकळ्या मनाने सांगितलेली अडचण असो, परवानगीशिवाय अशा साधनांत टाकू नये. अस्तेय आणि सत्य यांच्याइतकेच हे पथ्य आज महत्त्वाचे आहे.

७. ज्यांचे काम खरोखर जाते

एकेकाळी गल्लोगल्ली टायपिंगचे वर्ग होते. तासन्‌तास खडखड करून मुले-मुली वेग मिळवत आणि त्या वेगावर घर चालवत. आज तसेच काही डेटा एन्ट्री करणारे, काही मजकूर लिहिणारे, काही अनुवादक बंधू-भगिनी काम कमी झाल्याचे सांगत आहेत. त्यांना काय सांगायचे?

सर्वप्रथम, त्यांना 'अनासक्त राहा' असे सांगू नये. अनासक्तीचा उपदेश स्वतःला करायचा असतो. दुसऱ्याला द्यायची ती मदत. ज्याच्या घराचा हप्ता थकला आहे त्याच्यासमोर तत्त्वज्ञान मांडणे ही हिंसाच आहे. अभ्यासमंडळाने त्याच्यासाठी काय करता येईल ते पाहावे. कोणाला नवे साधन येत असेल तर त्याने रविवारचे दोन तास शिकवायला द्यावेत. कोणाच्या ओळखीत जागा असेल तर सांगावे. ज्यांच्या हाती नोकऱ्या आहेत त्यांनी बदल करायचाच असेल तर माणसांना वेळेवर, खरे सांगावे आणि शिकण्याची संधी द्यावी.

आणि त्या व्यक्तीला एक गोष्ट प्रेमाने आठवण करून द्यावी. तिचा वेग यंत्राने मागे टाकला असेल. पण त्या वेगासाठी तिने जे लक्ष, जी चिकाटी, जो नेटकेपणा कमावला तो तिच्याकडेच आहे. तो पुढच्या कामात उपयोगी पडतो. पाचवे कारण दैव आहे, ते आपल्या हाती नाही. पण गीतेने त्याला पाचांपैकी एक म्हटले आहे. उरलेली चार विसरायची नाहीत.

सात दिवसांचा अभ्यास

पहिला दिवस: आपल्या रोजच्या कामांची यादी करावी. प्रत्येकासमोर लिहावे: हे साधनाला देता येईल, की हे मला घडवते म्हणून मीच करावे?

दुसरा दिवस: नेहमी यंत्राला सांगतो असे एक काम संपूर्ण स्वतः करावे. पत्र असो, बेरीज असो वा रस्ता शोधणे असो.

तिसरा दिवस: यंत्राने दिलेले एक उत्तर मूळ ग्रंथ, मूळ कागद किंवा जाणकार व्यक्ती यांच्याकडून पडताळावे.

चौथा दिवस: कामाच्या ठिकाणी एका व्यक्तीचे बोलणे फोन बाजूला ठेवून, मध्ये न बोलता ऐकावे.

पाचवा दिवस: आपल्याला येणारी एक गोष्ट आपल्यापेक्षा लहान किंवा नवख्या व्यक्तीला शिकवावी. घरातल्या ज्येष्ठांना एखादे नवे साधन शिकवले तरी चालेल.

सहावा दिवस: कामातील बदलामुळे अडचणीत असलेल्या एका व्यक्तीची चौकशी करावी.

सातवा दिवस: पंधरा मिनिटे मौन बसावे आणि आठवड्याकडे पाहावे. कोणत्या क्षणी मी कर्ता होतो आणि कोणत्या क्षणी जागा सोडली?

मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात असे कोणते काम झाले ज्यावर माझी सही आहे, पण जे मी नीट पाहिलेले नाही?

२. माझ्या कामातला कोणता कंटाळवाणा भाग मला सर्वांत जास्त शिकवून गेला?

३. आपल्या मंडळात कोणाचे काम बदलले किंवा गेले आहे? आपण त्यांच्यासाठी या महिन्यात काय करू शकतो?

संकल्प

या आठवड्यात आपण एवढाच संकल्प करू: "मी साधने वापरीन, पण कर्त्याची जागा सोडणार नाही. माझ्या हातून जे जाईल ते माझ्या मनातून जाऊनच जाईल. चूक झाली तर ती माझी म्हणीन. आणि जे मला आले, ते पुढच्याला शिकवीन."

राग आणि आसक्तीचा तो लेख मी पुन्हा अनुवादित केला. या वेळी आधी तीनदा वाचला. काकांनी सांगितले होते ते खरे निघाले. लेख मला खरोखर आवडला.